मामांनी ब्रेक लावला होता

प्रश्न : आमच्या आवारात माल आणि हत्यारं इकडून तिकडे न्यायला बॅटरीवर चालणाऱ्या चार छोट्या गाड्या आहेत. पुढे दोन माणसं बसतात, मागे लहान हौदा. मी तिथे सुपरवायझर आहे. मागच्या आठवड्यात आमचे सगळ्यांत जुने चालक, ज्यांना सगळेच मामा म्हणतात, रॅम्पच्या डोक्यावर गाडी उभी करून सही आणायला आत गेले. हेल्परने हौद्यात दोन खोकी टाकली, तो वळला आणि गाडी आपोआप निघाली. तो धरायला धावला, चार-पाच पावलं गाडीबरोबर फरफटला, मग हात सुटला. गाडी खालच्या शटरवर जाऊन आदळली. आदळल्यावरही मागची चाकं गरगरत होती. मामांनीच धावत येऊन चावी बंद केली. पेडलपाशी त्यांची हत्यारांची पिशवी पडली होती. नशिबाने कुणाला फार लागलं नाही. मामा शपथेवर सांगतात की ब्रेक लावला होता (ब्रेकच्या पेडलची वरची पट्टी दाबली की तो लॉक होतो). साहेब म्हणतात, लावला असता तर गाडी गेलीच नसती. ‘पार्किंग ब्रेक लावणे सक्तीचे आहे’ असं पत्रक निघालं आणि मामांना मेमो द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यांची २३ वर्षांची नोकरी, आजवर एक डाग नाही. काय करू? आणि दुसरं, ही सगळी मंडळी ‘दोन मिनिटं’ म्हणून दारात, पॅनेलसमोर, जिन्याखाली कुठेही गाडी लावतात. जिन्याखाली तर रात्री चार्जिंगलाही लावतात. सांगून थकलो.
— एक सुपरवायझर

उत्तर :

मेमो दोन दिवस खिशातच राहू द्या. मामा खरं बोलत असावेत असं मला वाटतं. साहेबांचा तर्क ऐकायला बिनचूक आहे, पण तो मोटारीचा तर्क आहे. या गाड्यांचा ब्रेक मोटारीसारखा नसतो.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात आणि मी तिथेच अडकलो. ‘आदळल्यावरही मागची चाकं गरगरत होती.’ उतारावरून नुसती घरंगळत आलेली गाडी शटरला आपटली की थांबते, फार तर हातभर मागे येते. चाकं फिरत राहायची तर मोटर चालू असावी लागते. म्हणजे तुमची गाडी घरंगळली नव्हती, ती चालत गेली. सीटवर कुणी नव्हतं, तरी ॲक्सिलरेटर दाबलेला होता. आणि पेडलपाशी पिशवी होती. धडकेने पिशवी खाली पडली असं सगळ्यांनी गृहीत धरलं. आता क्रम उलटा लावून बघा : मागे खोकी आदळली, गाडी हलली, सीटच्या कडेला ठेवलेली पिशवी घसरून पेडलवर पडली आणि मग गाडी निघाली.

‘पण ब्रेक?’ असं साहेब विचारतील. तर तुम्ही वर्णन केलंय त्या पट्टीच्या ब्रेकची गंमत अशी, की बहुतेक अशा गाड्यांत तो सोडायला वेगळी कळच नसते. ॲक्सिलरेटर दाबला की तो आपोआप सुटतो, खट् असा आवाज होऊन पट्टी वर येते. ही बिघाडातली गोष्ट नाही, बनवणाऱ्यांनी मुद्दाम केलेली सोय आहे. ब्रेक लावलेला विसरून कुणी गाडी तशीच रेटू नये आणि ब्रेक-शू जळू नयेत, हा त्यामागचा विचार. चालक सीटवर असताना सोय चांगलीच आहे. तो खाली उतरला की तीच सोय उलटते, कारण पेडलला पाय आणि पिशवी यांतला फरक कळत नाही. पाण्याची बाटली, हेल्मेट, गुंडाळी करून ठेवलेली केबल, काहीही चालतं. तेव्हा ब्रेक लावला होता हेही खरं आणि गाडी गेली हेही खरं. साहेबांचं पत्रक शब्दशः पाळलं असतं तरी त्या दिवशी हेच झालं असतं. मला खरी काळजी त्याची वाटते.

माझ्या शब्दावर जाऊ नका, करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. दुसरी एखादी त्याच बनावटीची गाडी सपाट जागी घ्या, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, गियर न्यूट्रलला, चावी बंद करून तुमच्या खिशात. समोर कुणी उभं राहू देऊ नका. ब्रेक लॉक करा आणि हाताने ॲक्सिलरेटर खाली दाबा. पट्टी सुटली की बोलणंच संपलं. साहेबांना मात्र त्या वेळी तिथे बोलवा, नंतर येऊन सांगण्यात मजा नाही. पट्टी सुटलीच नाही तर माझा अर्धा अंदाज चुकला असं समजा. पण चाकं गरगरत होती हे तरीही उरतं, आणि मग मेकॅनिकने ॲक्सिलरेटरची परतीची स्प्रिंग आणि पायाखालची मॅट बघायला हवी. कड दुमडलेली मॅट पेडल खाली धरून ठेवते, हे मी स्वतः पाहिलंय. आदळलेली गाडी तर ब्रेक आणि स्टिअरिंग तपासल्याखेरीज कुणालाही देऊ नका, वरून धड दिसत असली तरी.

आता मामांची चूक. ती आहेच, फक्त साहेब म्हणतात ती नाही. त्यांनी चावी चालू ठेवली.

बॅटरीच्या गाडीत हे फार सहज होतं. आवाज नाही, थरथर नाही, धूर नाही. उभी असताना ती चालू आणि बंद अगदी एकसारखीच दिसते. मोटारीतून इंजिन चालू ठेवून उतरताना कान आठवण करून देतात, इथे ते गप्प बसतात. पेट्रोलवरच्या छोट्या गाड्या तरी निराळ्या असतील असं वाटतं, पण त्यांतल्याही बऱ्याच अशा असतात की पेडल सोडलं की इंजिन बंद आणि पेडल दाबलं की इंजिन चालू. म्हणजे चावी चालू असलेली गाडी थांबलेली असली तरी उभी केलेली नसते. ती पेडलची वाट बघत असते.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी उतरणं आधी शिकवायचो, चालवणं मागाहून. गाडी पूर्ण थांबवायची. ब्रेक लॉक करायचा. गियर न्यूट्रलला आणायचा. चावी फिरवून बाहेर काढायची. हे सगळं झाल्यावरच पहिला पाय जमिनीला. पोरं हसायची, म्हणायची की एवढ्यात तर आम्ही काम उरकून परत येऊ. घड्याळ लावून बघितलं तर चार सेकंद लागतात. चावी काढायची तर न्यूट्रल कशाला, असं एकाने विचारलं होतं, आणि प्रश्न चांगला होता. पुढच्या वेळी चावी लावणारा माणूस वेगळा असतो. गाडी आधीच्याने रिव्हर्सला सोडली आहे हे त्याला ठाऊक नसतं. तो पुढे बघत पेडल दाबतो आणि गाडी मागे जाते. रिव्हर्सचा तो बारीकसा पींऽऽ आवाज येतो खरा, पण बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डमधून येतो आणि चालकालाच काय तो ऐकू जातो. मागे पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माणसाला मशीनच्या घरघरीत त्याचा पत्ताही लागत नाही.

चाव्यांचं आणखी एक. तुमच्या चारही गाड्या एकाच कंपनीच्या असतील तर एकीची चावी दुसरीला लावून बघा. बहुधा लागेल. अशा गाड्यांना सर्रास एकच चावी असते. म्हणजे मामांनी चावी काढून खिशात घातली, तरी दुसऱ्या गाडीची चावी हातात असलेला कुणीही ही गाडी चालू करू शकतो. चारही गाड्यांची कुलपं वेगवेगळी करून घेता आली तर उत्तम. तोवर निदान कोणाच्या ताब्यात कोणती चावी आहे हे शिफ्टच्या सुरुवातीला लिहून ठेवा.

हेल्परबद्दल तुम्ही एका ओळीत आटोपलंत. मला ती ओळ सगळ्यांत भयंकर वाटली. त्याने गाडी धरायचा प्रयत्न केला. सहज होणारी गोष्ट आहे, हातातलं भांडं निसटलं की आपण जसा हात पुढे करतो तशी. पण हिशेब मांडून बघा. लेड-ॲसिड बॅटऱ्यांसकट अशी गाडी रिकामीच चार-पाचशे किलोची असते, खोकी आणि बाकी सामान धरून ७०० किलो समजू. रॅम्प १२ फुटांना १ फूट चढणारा असेल, म्हणजे डोळ्यांना सौम्यच वाटणारा, तर मोटर बंद असतानाही ही गाडी चाकांचं घर्षण वजा जाता जवळपास ५० किलोच्या जोराने खाली ओढते. ६ मीटर खाली येईपर्यंत तिचा वेग तासाला १० किलोमीटर होतो. आणि त्या दिवशी तर मोटरही ढकलत होती. ती माणसाच्या हाताने थांबत नाही. पुढून अडवायला जाणारा शटर आणि गाडी यांच्यामध्ये सापडतो, बाजूने धरणाऱ्याचा पाय मागच्या चाकाखाली जातो. धावत जाऊन आत उडी मारून ब्रेक दाबू, हे तर त्याहून वाईट. सगळ्यांना एकत्र बोलावून स्पष्ट सांगा : सुटलेली गाडी सोडून द्यायची, जोरात ओरडायचं, लोकांना बाजूला करायचं. शटर दुरुस्त होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. इथे मला माझी एक जुनी फजिती सांगितली पाहिजे.

मी तेव्हा एका गोदामात देखभालीचं काम बघायचो. चावी काढण्याबद्दल इतका कडक, की चावी लावलेली गाडी दिसली तर चावी काढून स्वतःकडे ठेवायचो आणि चालकाला शोधत यायला लावायचो. मोठा अभिमान होता मला त्याचा. एके दिवशी दुपारी इलेक्ट्रिक पॅनेलमधून जळका वास येऊ लागला, पाठोपाठ धूर. धावत गेलो तर पॅनेलच्या दाराला चिकटून गाडी उभी. ब्रेक लावलेला, न्यूट्रल, चावी काढलेली, सगळं माझ्याच शिकवणीप्रमाणे. आणि चावी ज्याच्या खिशात तो माणूस आवाराच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही चौघांनी गाडीची मागची बाजू उचलून इंच-इंच सरकवली तेव्हा कुठे दार हात जाईल इतकं उघडलं. आत एक ढिलं कनेक्शन तापलं होतं, निभावलं. त्या चालकाला मी मेमो दिला नाही. द्यायचाच तर तो मलाच द्यायला हवा होता. कशी उभी करायची ते मी घोकून घेतलं होतं. कुठे उभी करायची हे कधी दाखवलंच नव्हतं.

तुमच्याकडेही तेच झालं असावं. ‘इथे लावू नका’ असं सांगून थकलात म्हणता. ‘इथे लावा’ असं कुठे लिहिलंय का? माणूस दारात गाडी लावतो कारण त्याचं काम दारात असतं आणि रीतसर जागा पार त्या टोकाला असते. पाटी लावून हे बदलत नाही. एक दिवस मामांच्या शेजारी बसून पूर्ण शिफ्ट फिरा आणि गाडी कुठे कुठे थांबते तिथे खडूने खूण करा. दहा-बारा ठिकाणं निघतील. त्या प्रत्येक ठिकाणाजवळ, अडचण होणार नाही अशी, गाडीपेक्षा थोडी मोठी चौकट पिवळ्या रंगाने आखा. दोन मिनिटंवाले तिथे लावतील, कारण तेही सोयीचंच असेल. जिथे चौकट आखायला जागाच निघत नाही, तिथे गाडीचं काम नाही. तिथे हातगाडी न्यावी.

चौकटी आखताना डोळे उघडे ठेवा. पॅनेलसमोर किमान मीटरभर जागा कायम मोकळी. आग विझवायचा सिलिंडर, पाण्याची नळी, बाहेर पडायचं दार यांच्यापुढे कधीच नाही, अर्धं दार उघडतंय ना असं म्हणूनही नाही. बाहेर उघडणाऱ्या दाराच्या फेऱ्यात नको, आणि माल चढवायच्या धक्क्याच्या कडेलाही नको. आंधळ्या कोपऱ्याला तर लोकांना उभी गाडी दिसत नाहीच, वर तिला वळसा घालताना ते समोरून येणाऱ्या गाडीपुढे जातात. आणि रॅम्पवर किंवा रॅम्पच्या डोक्यावर नाही. तुमच्या त्या सहीचं टेबल रॅम्पजवळ असेल तर टेबल हलवा, मी गंभीरपणे सांगतोय. उतारावर थांबणं अगदीच टळत नसेल तर पुढची चाकं भिंतीकडे किंवा कठड्याकडे वळवलेली हवीत आणि चाकांना उताराच्या बाजूने ठोकळे. ते ठोकळे दोरीने गाडीलाच बांधून ठेवा, नाहीतर आठवड्याभरात ते कुठल्या तरी दाराला टेकण म्हणून लागलेले दिसतील.

जिन्याखालचं चार्जिंग मात्र आजच बंद करा, चौकटीबिकटी नंतर. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. तो हवेपेक्षा हलका, वर चढतो आणि जिन्याच्या पोटात साठतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते, आणि प्लग काढताना कधीकधी ठिणगी उडते हे आपल्यालाही ठाऊक आहे. बॅटऱ्या लिथियमच्या असतील तर रोजच्या चार्जिंगला हायड्रोजनचा प्रश्न नाही, पण तिथे आग लागलीच तर ज्या जिन्याने लोक खाली पळणार तोच जळत असेल. वारं खेळतं अशी जागा शोधा, डोक्यावर बंदिस्त कोपरा नको, जवळ वेल्डिंग-ग्राइंडिंग नको. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं ते चार्जिंग झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच घालून मग चार्जिंगला लावा, कारण काठोकाठ भरलं की चार्ज होताना ॲसिड उतू जातं. हातातली अंगठी आणि कडं काढून, डोळ्यांवर चष्मा लावून. डोळ्यात ॲसिड उडालंच तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि मग डॉक्टर. म्हणून पाण्याचा नळ जवळ असेल अशीच जागा निवडा.

चालवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, त्यामुळे एकच सांगतो. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला धरायला दांडी असते ती धरायला लावा. चालक आपल्या बाजूला झटकन वळला की शेजारचा बाहेर फेकला जातो. चालकाच्या हातात स्टिअरिंग असतं म्हणून त्याला कळतही नाही वळण किती तीव्र होतं ते. वेग दुप्पट केला तर वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. हौद्यात माणूस बसवायचाच नाही, जवळ जायचं असेल तरी.

राहता राहिला मेमो. साहेबांना ‘तुमचं चुकलं’ असं म्हणायची गरज नाही. चाचणी दाखवा, आणि पत्रकात एक ओळ घालायची आहे म्हणून सही मागा : ‘चावी काढल्याशिवाय गाडीतून उतरू नये.’ पट्टीचा तो खट् आवाज ऐकल्यावर ते सही करतील. मामांशी एकट्याने बोला, चारचौघांत नको. त्यांना सांगा, ‘मामा, ब्रेक लावला होता ते पटलं, पण चावी चालू राहिली होती.’ इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. मग चौघा चालकांना आणि हेल्परांना उतरण्याची रीत शिकवायचं काम त्यांच्याकडेच द्या. पिशवी घसरून पेडलवर पडते कशी, हे त्यांच्याइतकं चांगलं दुसरं कुणी सांगू शकणार नाही. शिवाय हत्यारांच्या पिशवीसाठी डॅशबोर्डखाली एक हूक ठोकून द्या, चालकाच्या नव्हे, शेजारच्या बाजूला.

आणि त्या हेल्परला डॉक्टरांकडे नेलं का, हे पत्रात नाही. फार लागलं नाही, असं त्या दिवशी सगळेच म्हणतात. ओढला गेलेला खांदा दोन-तीन दिवसांनी बोलायला लागतो. उद्या सकाळी त्याला हात डोक्यावर नेऊन दाखवायला सांगा. जात नसेल तर चाचणी दुपारी घ्या, आधी त्याला घेऊन जा.